आजोबा हवालदार, वडील सुभेदार : बाबासाहेबांच्या घराण्याची ही फौजी गोष्ट माहितीय का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळा सूट, हातात संविधान, मागे पुस्तकांची कपाटं. बॅरिस्टर, अर्थतज्ज्ञ, कायदेमंत्री.

पण त्यांचा जन्म कुठे झाला हे आठवून बघा. महू. मध्य प्रदेशातल्या इंदूरजवळची लष्करी छावणी.

आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या कुटुंबातलं मूल इतक्या लांब, तेही एका छावणीत कसं काय जन्माला आलं?

याचं उत्तर शोधायला गेलं की एका फौजी घराण्याची गोष्ट हाताला लागते. बाबासाहेबांच्या आयुष्याची निम्मी उत्तरं या गोष्टीत सापडतात.

तर सुरुवात करू आजोबांपासून.

बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सकपाळ. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात मुंबई इलाख्याचं स्वतःचं सैन्य होतं. त्या सैन्यात कोकणातल्या आणि देशावरच्या महार समाजातली माणसं मोठ्या संख्येने भरती व्हायची. गावात राहायचं तर वेशीबाहेर. काम करायचं ते वतनाचं आणि बिगारीचं. पण पलटणीत गेलं की अंगावर वर्दी यायची, महिन्याचा पगार मिळायचा आणि म्हातारपणी पेन्शन. मालोजी याच वाटेने फौजेत गेले.

त्यांचा मुलगा रामजी हाही फौजेत गेला आणि पुढे सुभेदार झाला. रामजींचं लग्न झालं भीमाबाईंशी. भीमाबाईंचं माहेर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचं. तेही घर फौजीच, आणि थोडंथोडकं नाही. त्यांचे वडील सुभेदार मेजर होते आणि चुलतेही फौजेत त्याच हुद्द्यावर होते असं बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवलंय. म्हणजे बाबासाहेबांच्या दोन्ही आजोळघरी पलटणीच्याच गप्पा चालत असणार.

पण या गोष्टीत बंदुकीपेक्षा महत्त्वाची वस्तू आहे, ती म्हणजे पाटी.

कंपनीच्या सैन्यात एक नियम होता. फौजेतल्या माणसांसाठी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी छावणीत शाळा असायची आणि तिथे शिकणं सक्तीचं होतं. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावर चढायची सोय नव्हती, त्या काळात छावणीतल्या या घरांमधली मुलं, मुली आणि बायकासुद्धा लिहायला-वाचायला शिकत होत्या. बाबासाहेबांनी स्वतः पुढे ही गोष्ट आवर्जून सांगितली आहे.

रामजींनी या संधीचं सोनं केलं. पुण्यात लष्कराच्या शिक्षकांसाठी जे नॉर्मल स्कूल होतं, तिथून ते शिक्षक होऊन बाहेर पडले. मग फौजेतल्या शाळेत तब्बल १४ वर्षं ते हेडमास्तर होते. इंग्रजी उत्तम, गणित पक्कं, घरात कबीरपंथाचे संस्कार आणि रोज भजन.

अशा घरात, १४ एप्रिल १८९१ ला, महूच्या छावणीत रामजी आणि भीमाबाईंचं चौदावं अपत्य जन्माला आलं. नाव ठेवलं भीमराव.

पण भीमराव रांगत होता तेव्हाच एक दार बंद व्हायला लागलं होतं.

झालं असं की १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी आपल्या सैन्याची रचना बदलायला घेतली. पंजाब आणि वायव्येकडच्या भरतीवर भर वाढला. १८८५ ला लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती झाले आणि लढाऊ जमाती नावाचा सिद्धांत जोरात आला. सांगायचं म्हणजे अमुक जातीची माणसं जन्मतः लढवय्यी आणि अमुक जातीची नाहीत, असं कागदावर ठरवून टाकायचं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत नोकरी केली, त्या महारांचं नाव यादीतून गळलं. १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली.

वरवर बघितलं तर एक सरकारी हुकूम. पण याचा अर्थ काय झाला? पगार गेला, पेन्शन गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे छावणीतली शाळा गेली. रामजी ज्या शिडीवरून वर चढले होते, ती शिडीच काढून घेतली गेली.

यावर पहिला आवाज उठवला तो फौजेतून निवृत्त झालेल्यांनीच. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे माजी सैनिक. त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. रामजी सुभेदारही या खटपटीत होते आणि अर्जासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली होती असं कीर सांगतात. पुढे १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा सरकारकडे दाद मागितली.

पण दार काही उघडलं नाही.

तिकडे रामजी निवृत्त होऊन आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. दापोलीचा कॅम्प म्हणजे निवृत्त फौजींची वस्तीच. साताऱ्याला त्यांना पुन्हा नोकरी मिळाली. १८९६ मध्ये तिथेच भीमाबाई गेल्या. मुलांना सांभाळायला आत्या मीराबाई आल्या.

७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण तेव्हा या सुभेदाराच्या मुलाला वर्गात बसायला घरून आणलेलं गोणपाट लागायचं. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं. शिपाई नसला तर पाणी नाही.

त्याच सुमारास रामजींची बदली खटाव तालुक्यातल्या गोरेगावला झाली होती. दुष्काळी कामावर ते खजिनदार होते. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावलं. नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या, आणि आयुष्यातला पहिला रेल्वे प्रवास. भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं मसूर स्टेशनवर उतरली.

वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशन मास्तरने कपडे बघून आधी प्रेमाने चौकशी केली. मुलांनी जात सांगितली आणि तो चार पावलं मागे सरला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. सोबत डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही.

वडील सुभेदार, खिशात पैसे, अंगावर चांगले कपडे. तरी पाणी नाही.

फौजेने घरात शिक्षण आणलं होतं, थोडी सुबत्ता आणली होती. पण वर्दीने जात पुसली जात नाही हे त्या रात्री नऊ वर्षांच्या मुलाला कळलं. बाबासाहेबांनी पुढे ही आठवण स्वतः लिहून ठेवली.

मग कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आलं. एकच खोली, त्यात सगळा संसार. इथे रामजींमधला फौजी आणि मास्तर दोघंही कामाला लागले. मुलाला लवकर झोपवायचं आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवायचं. स्वतः तोपर्यंत जागं राहायचं. पुस्तकं घ्यायला पैसे कमी पडले तर लग्न झालेल्या मुलींकडे जायचं, त्यांचा दागिना गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा.

१९०७ ला भीमराव मॅट्रिक झाला. १९१२ ला बी.ए.

१९१३ च्या सुरुवातीला त्यांनी बडोदा संस्थानची नोकरी धरली. कीर यांच्या चरित्रानुसार ती संस्थानच्या सैन्यात लेफ्टनंट म्हणून होती. म्हणजे तिसरी पिढीही फौजेत आली होती. पण काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव मुंबईला पोहोचले आणि २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी सुभेदारांनी मुलाला डोळे भरून पाहून प्राण सोडले.

त्यानंतर कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. १९१७ ला पहिलं महायुद्ध चालू असताना ते भारतात परतले. त्यांची पुस्तकं ज्या बोटीत होती ती टॉर्पेडोने बुडाली. करारानुसार बडोद्याची नोकरी करायची होती. महाराजांनी त्यांना लष्करी सचिव नेमलं. आणि तिथले शिपाई या लष्करी सचिवाच्या टेबलावर लांबूनच फायली फेकायचे. राहायला जागासुद्धा मिळाली नाही. काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावं लागलं.

योगायोग बघा, त्याच १९१७ साली युद्धासाठी माणसं कमी पडली म्हणून इंग्रजांना महारांची आठवण झाली. १११ महार नावाची पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि १९२१ ला ती मोडीतही काढली. गरज असली की लढाऊ, गरज संपली की नाही.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगाव भीमाच्या स्तंभापाशी गेले. १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर कोरली आहेत आणि त्यात नाक हा प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावं बरीच आहेत. ज्यांना लढाऊ नाही म्हणून घरी बसवलं, त्यांची नावं इंग्रजांनीच दगडावर कोरून ठेवली होती.

त्यानंतर अडीच महिन्यांनी महाडचा सत्याग्रह झाला. कोकणातले कितीतरी फौजी पेन्शनर तिथे आले होते. चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. युद्ध बघून आलेली माणसं जमावात होती, हात शिवशिवत होते. एका इशाऱ्याची खोटी होती. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. सगळ्यांना शांत ठेवलं आणि लढाई कायद्याने लढली. सुभेदाराच्या मुलाची शिस्त म्हणतात ती ही.

फौजेचा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. पाकिस्तानच्या मागणीवर त्यांनी १९४० मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात सैन्यात कोणत्या प्रांताचे किती लोक आहेत याचा आकड्यांनिशी हिशोब मांडला आणि लढाऊ जमातींचा सिद्धांत खोडून काढला.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने त्यांना संरक्षण सल्लागार समितीवर घेतलं. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. बाबासाहेबांनी महारांच्या स्वतंत्र पलटणीसाठी जोर लावला आणि तरुणांना भरती व्हायचं आवाहनही केलं.

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

वलंगकरांचा अर्ज, रामजींची खटपट, कांबळे यांची दाद. जवळपास ५० वर्षं कागदावर पडून राहिलेली मागणी सुभेदाराच्या मुलाने पूर्ण करून घेतली.

इंग्रजांच्या फौजेचं बाबासाहेबांना कौतुक होतं का, असा प्रश्न आजही विचारला जातो. त्यांच्या आयुष्याकडे बघितलं तर उत्तर सोपं आहे. पलटण म्हणजे नोकरी, शाळा आणि ताठ मानेने जगायची एक वाट. ती वाट कुणी जात बघून बंद करू नये एवढाच त्यांचा हट्ट होता. पुढे संविधानात सरकारी नोकरीत जातीवरून भेदभाव करायला बंदी करणारं कलम १६ आलं, त्यामागची एक कहाणी आंबडव्याच्या या घराचीही आहे.

आज महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशातल्या सागरला आहे आणि तिच्यात वेगवेगळ्या जातीधर्मांचे, प्रांतांचे जवान आहेत. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले आणि परमवीर चक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हेही महार रेजिमेंटचेच.

मालोजी हवालदार झाले, रामजी सुभेदार झाले. भीमरावांनी रणांगणावर कधी बंदूक धरली नाही. पण ज्या दारातून आजोबा आणि वडील आत गेले होते, ते बंद झालेलं दार त्यांनी पुन्हा उघडलं.