शंकर आबाजी भिसे : शोध आणि त्याचे स्वामित्व

ज्या संशोधकाला पुढे हिंदी एडिसन म्हणून लोक ओळखू लागले, ते शंकर आबाजी भिसे २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मले. वयाच्या चौदाव्या वर्षीच त्यांनी दगडी कोळशापासून वायू काढण्याचे उपकरण घरी तयार केले होते. पुढे पोटासाठी त्यांनी मुंबईच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. परंतु आकड्यांच्या रकान्यांत त्यांचे मन कधीच रमले नाही. समानशील मित्रांचे एक विज्ञानमंडळ त्यांनी स्थापन केले. उपनगरी आगगाडीत पुढचे स्थानक कोणते हे दाखविणारा दर्शक, कोणी उघडल्यास लगेच कळून यावे अशी बाटली, असल्या कल्पनांना ते मूर्त रूप देऊ लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रजी नियतकालिकाने संशोधकांची स्पर्धा ठेवली. मोठ्या साठ्यातून पीठ, साखर आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा भिशांनी मुंबईहून पाठविला आणि बक्षीस पटकावले. त्या यशाच्या बळावर, दिनशा वाच्छा यांचे पत्र घेऊन, ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. त्या वृद्ध देशभक्ताने या तरुणाच्या पाठीवर हात ठेवला.

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. एखादी युक्ती सुचली म्हणजे तिचे स्वामित्व आपोआप मिळत नाही. सरकारकडे तिचे सविस्तर वर्णन सादर करावे लागते. ती नवी ठरली तरच ठराविक मुदतीचा हक्क, म्हणजे पेटंट, मिळतो. त्या काळी इंग्लंडात ही मुदत १४ वर्षांची असे, आणि मधूनमधून फी भरली नाही तर हक्क त्याआधीच संपे. शिवाय प्रत्येक देशाचे पेटंट निराळे. भिशांच्या नावावर सुमारे २०० शोध सांगितले जातात. पेटंटे मात्र ४० च्या आसपास. एवढ्यांसाठी पैसा उभा करणे हे शोध लावण्याहून सोपे नव्हते!

त्यांचे सर्वांत मोठे कार्य मुद्रणक्षेत्रातले. तेव्हा छपाईसाठी शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ओतीत. प्रचलित यंत्रे मिनिटाला दीडशेच्या घरात खिळे देत, आणि त्याहून फार वेगाने ते ओतता येणार नाहीत असे जाणकारांचे मत होते. भिशांनी १९०८ मध्ये मिनिटाला १२०० खिळे ओतणारे यंत्र सिद्ध केले. हेच ते भिसोटाइप. परंतु जुन्या यंत्रांत भांडवल गुंतविलेले कारखानदार नव्याचे स्वागत कशाला करतील? दादाभाई १९०७ मध्ये मायदेशी परतले होते. पैशाचा ओघ आटला, आणि भिशांनाही परतावे लागले.

तेव्हा नामदार गोखल्यांनी रतनजी टाटांकडे शब्द टाकला. आपल्या भेस्तानहून मुंबईच्या गाडीत बसले की सचिन मागे टाकून आपण नवसारीला पोचतो. तेच रतनजींचे वडील जमशेटजी यांचे जन्मग्राम. १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट उभे राहिले. बुद्धी भिशांची, द्रव्य टाटांचे. अशा भागीदारीत शोधाचे श्रेय संशोधकाचे राहिले, तरी यंत्र बाजारात केव्हा न्यावे, कोठवर खर्च करावा, हे त्याच्या एकट्याच्या हाती उरत नाही. अपेक्षित नफा झाला नाही, आणि १९१५ च्या सुमारास सिंडिकेट गुंडाळावे लागले. यात टाटांना दोष देणे अन्यायाचे होईल. इतकी वर्षे धीर धरणारे धनिक त्या काळी किती होते?

आज सुरतेच्या महाविद्यालयात शिकणारा आपल्यापैकी एखादा विद्यार्थी मागात नवी सुधारणा करील, तर हाच प्रश्न त्याच्यापुढेही येईल. १९७० च्या भारतीय कायद्याप्रमाणे अर्जाचा हक्क खऱ्या व पहिल्या संशोधकाचा, अथवा त्याने ज्याला तो लिहून दिला त्याचा. विद्यार्थी हा पगारी नोकर नव्हे. तथापि संस्थेची प्रयोगशाळा व पैसा वापरला असेल तर तिचे नियम आणि आपण सही केलेले कागद पाहावे लागतात. प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी अर्ज करावा हे बरे, कारण जगजाहीर झालेली गोष्ट सहसा नवी मानली जात नाही. मुदत आता २० वर्षांची आहे, आणि २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत मिळते. भिशांच्या वाट्याला यांतले काही आले नव्हते.

सिंडिकेट संपल्यावर भिसे अमेरिकेस गेले व न्यूयॉर्कमध्ये पुन्हा खिळ्यांच्या यंत्राकडे वळले. आयोडिनयुक्त एक औषधही त्यांनी तयार केले. ते पुढे ॲटोमिडीन या नावाने विकले जाई. ज्यांच्या नावाने त्यांना गौरविले जाई त्या एडिसनची भेटही त्यांना घडली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथेच त्यांचा देहान्त झाला. पुढे संगणकावरची अक्षरजुळणी आली आणि शिशाचे खिळे छापखान्यांतून हळूहळू नाहीसे झाले.