कर्णधारपदापासून वंचित राहिलेला महान गोलंदाज

भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बाळू पालवणकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. भारत कसोटी क्रिकेट खेळू लागण्याच्या दोन दशके आधी या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने इंग्लंडची मैदाने गाजवली होती.

पालवण हे या घराण्याचे मूळ गाव. चर्मकार समाजातील बाळूंचा जन्म १८७० च्या दशकात धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने त्यांचे बालपण पुण्यात गेले. पारशी मंडळींच्या एका क्लबमध्ये दरमहा तीन रुपयांवर मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम त्यांना मिळाले. १८९२ च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये चार रुपये पगारावर रुजू झाले. तेथे कॅप्टन ग्रेग यांच्यासारख्या निष्णात फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी घडली. फलंदाजीची संधी मात्र मिळाली नाही. बॅट हाती धरणे हा साहेबांचा अधिकार होता.

इंग्लंडमध्येही त्या काळी पैसे घेऊन खेळणाऱ्यांना हौशी खेळाडूंपेक्षा कमी लेखले जाई. गोल्फच्या व्यावसायिकांना तर अनेक ठिकाणी क्लबच्या इमारतीतही प्रवेश नसे. बाळूंच्या बाबतीत वर्गभेदाला जातिभेदाची जोड मिळाली. पुण्यातील हिंदू संघाने त्यांना गोलंदाजीसाठी घेतले, पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा पीत. साताऱ्याच्या युरोपीय संघाविरुद्ध त्यांनी सात बळी घेतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेग पसरल्यावर बाळू मुंबईत आले. काही सभासदांचा विरोध डावलून हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपीयांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. त्यांचे धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. पुढे गणपत आणि विठ्ठल हे बंधूही नामवंत खेळाडू झाले.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांपैकी १५ सामने संघाने गमावले. बाळूंनी मात्र ११४ बळी मिळवले. प्रथम श्रेणीच्या एकूण ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी असून सरासरी जेमतेम १५ धावांची आहे.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे कधीच सोपवले गेले नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले आणि विठ्ठल यांचा कर्णधारपदावरील दावाही डावलला गेला. तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. जनमताचा रेटा वाढल्यावर अंतिम सामन्यासाठी तिघा बंधूंना सन्मानाने बोलावण्यात आले. बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ त्यांनी संघ हाताळला, तेवढेच नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले, तेव्हा घराण्याच्या दीर्घ लढ्याला यश आले.

तरुणपणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बाळूंच्या पराक्रमाचा अभिमान वाटे. पुढे दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते पडली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. खेळपट्टी तयार करणाऱ्या हातांनी त्यांनी त्याच खेळपट्टीवर भल्याभल्यांना बाद केले. त्यांच्या चेंडूला अव्हेरणे कुणाला जमले नाही. त्यांच्या माणूसपणाला मान्यता द्यायला मात्र समाजाला फार वेळ लागला.