पैसेवाल्यांना हवा होता गेम कन्सोल, जे मायनर यांनी बनवला कॉम्प्युटर!

कन्सोल घ्यायचा की सुटे पार्ट आणून पीसी असेंबल करायचा? गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर हा वाद कधीच संपत नाही. कन्सोल टीव्हीला जोडला की खेळ सुरू. पीसीला खर्च आणि डोकं दोन्ही जास्त लागतं, पण रॅम वाढवता येते, कार्ड बदलता येतं आणि त्यावर कामही करता येतं.

चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका इंजिनिअरपुढे हाच पेच होता. फरक एवढाच, की त्यांना मशीन विकत घ्यायचं नव्हतं, बनवायचं होतं.

त्यांचं नाव जे मायनर. जन्म १९३२ चा, ॲरिझोना राज्यातला. बर्कली विद्यापीठातून इंजिनिअरिंग करून ते चिप डिझाइनमध्ये उतरले आणि पुढे अटारी कंपनीत आले. १९७७ मध्ये आलेल्या अटारी २६०० या गाजलेल्या कन्सोलची ग्राफिक्स चिप घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्या कन्सोलमध्ये रॅम होती फक्त १२८ बाइट्स! त्यानंतर अटारी ४०० आणि ८०० या घरगुती कॉम्प्युटरच्या चिप्सचं कामही त्यांनीच सांभाळलं.

मग त्यांना मोटोरोलाच्या ६८००० या नव्या, ताकदवान प्रोसेसरवर कॉम्प्युटर बनवायचा होता. अटारीने नकार दिला. मायनर यांनी नोकरी सोडली.

१९८२ मध्ये पुन्हा संधी आली. नव्या कंपनीत पैसे घालणाऱ्यांमध्ये चक्क दातांचे डॉक्टर होते. त्या काळात व्हिडिओ गेम्सची चांदी होती, त्यामुळे त्यांना हवा होता कन्सोल. मायनर यांनी वाद घातला नाही. त्यांनी कन्सोलचंच डिझाइन केलं, पण पुढे कीबोर्ड, डिस्क ड्राइव्ह आणि मेमरी जोडता येईल अशी सोय त्यात आधीच ठेवली.

ही सोयच कंपनीला तारून गेली. १९८३ मध्ये अमेरिकेतला गेम्सचा बाजार कोसळला. न खपलेल्या गेम्सचा माल अटारीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला. आता कन्सोलचं नावही कुणाला नको होतं. मायनर यांचं मशीन मात्र कॉम्प्युटर व्हायला तयार होतं.

जानेवारी १९८४ च्या लास वेगासमधल्या प्रदर्शनापर्यंत चिप्स तयार नव्हत्या. टीमने हाताने तारा जोडलेल्या बोर्डांवर डेमो दाखवला. पडद्यावर लाल-पांढरा चेंडू उसळताना पाहून लोक चकित झाले. तरीही पैसे संपत आले होते. अटारीकडून ५ लाख डॉलर्स उसने घेतले गेले. ते मुदतीत फेडले नसते, तर चिप्सचं तंत्रज्ञान अटारीकडे गेलं असतं. शेवटी कमोडोर कंपनी मदतीला आली, तिने कर्ज फेडलं आणि पुढे अख्खी कंपनीच विकत घेतली.

२३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमिगा १००० सादर झाला. किंमत १,२९५ डॉलर्स. ४,०९६ रंग, स्टिरिओ आवाज आणि एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची क्षमता! त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टीमच्या सह्या होत्या. सोबत एक पंजाही होता, मायनर यांच्यासोबत ऑफिसला येणाऱ्या मिची या कुत्रीचा.

लोक अमिगावर गेम्स खेळले, संगीत रचलं, टीव्हीसाठी ग्राफिक्सही बनवले. गंमत म्हणजे १९९३ मध्ये कमोडोरने त्याच तंत्रज्ञानावर सीडी३२ नावाचा कन्सोल काढला. पण कंपनी वाचली नाही. एप्रिल १९९४ मध्ये तिचं दिवाळं निघालं.

किडनीच्या आजाराने मायनर यांची पाठ कधी सोडली नाही. बहिणीने त्यांना स्वतःची एक किडनी दिली होती. कमोडोर बुडाल्यानंतर दोनच महिन्यांनी, २० जून १९९४ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

कन्सोल वाईट नाहीच, मायनर यांनी स्वतः तो बनवला होता. पण तुम्ही निवडायला बसाल तेव्हा त्यांच्यासारखा एक प्रश्न जरूर विचारा: आज ठरवलेलं उद्या बदललं, तर हे मशीन आपल्यासोबत बदलू शकेल का?