अल्सर, मलेरिया आणि हजारो मैलांची पायपीट: विनोबांनी आपली दुखणी कशी सांभाळली?

डिसेंबर १९५२. भूदानाची पदयात्रा तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिल या गावी अडकून पडली होती. हे गाव आज झारखंडमध्ये आहे. विनोबा भावे तापाने फणफणले होते. निदान झालं मलेरियाचं, तेही गंभीर स्वरूपाच्या. वय ५७ वर्षं, अंगावर मांस नाही आणि पोटात अल्सरचं जुनं दुखणं. डॉक्टर औषध द्यायला तयार होते, पण विनोबा ते घ्यायला तयार नव्हते.

दिल्लीपासून पाटण्यापर्यंत सगळे काळजीत पडले. कारण हा माणूस गेला, तर त्याच्याबरोबर भूदानाची चळवळही जाईल, अशी भीती होती.

विनोबा म्हटलं की भूदान आणि गीताई आठवते. पण त्यांच्या आयुष्याची आणखी एक बाजू आहे. एकाच शरीरात दोन-तीन आजार घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं काम करत राहिला. कधी औषध नाकारलं, कधी घेतलं आणि शेवटी थांबवलं. हे सगळं त्यांनी कसं केलं?

पेण तालुक्यातलं गागोदे

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. मूळ नाव विनायक नरहर भावे. वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्यात होते, त्यामुळे लहानपणीची पहिली काही वर्षं विनायक आजोबांच्या घरात वाढला.

आजोबा शंभुराव व्रतवैकल्यं कडक पाळायचे. त्यात चांद्रायण व्रतही होतं. चंद्राच्या कलेप्रमाणे रोज एक घास वाढवायचा आणि पौर्णिमेनंतर रोज एक घास कमी करायचा. जेवण मोजून घेता येतं, हे या मुलाने घरातच पाहिलं होतं. आई रुक्मिणीबाई श्रद्धाळू, तर वडील शास्त्रीय वृत्तीचे. या दोन्ही गोष्टी पुढे त्यांच्या वागण्यात दिसतात.

तब्येतीसाठी चालायला सुरुवात

मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली.

तिथे तब्येत काही साथ देईना. १९१७ मध्ये त्यांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली. त्यातले काही महिने वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे संस्कृतचा अभ्यास केला. त्यानंतर महाराष्ट्रात पायी फिरले. गडकिल्ले पाहिले, गावोगावी गीतेवर बोलले. आहार साधा ठेवला, मसाले सोडले, सूर्यनमस्कार घातले. वर्ष संपलं त्या दिवशी ते आश्रमात हजर झाले.

म्हणजे ज्या चालण्याने पुढे त्यांना देशभर ओळख मिळाली, ते आधी तब्येत सुधारण्याचा एक उपाय होतं.

वजन ८८ पौंड

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घ्यायला आले. १९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी एक अवघड प्रयोग सुरू केला. सूत कातून जेवढी मजुरी मिळेल, तेवढ्यातच जगायचं. तासन् तास कातणं आणि अपुरं अन्न, दोन्हीचा परिणाम व्हायचा तो झाला. १९३८ पर्यंत वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे जेमतेम ४० किलो.

गांधीजींनी त्यांना बोलावून घेतलं. डॉक्टरांना दाखवावं, थंड हवेच्या ठिकाणी जावं, असे पर्याय पुढे ठेवले. विनोबांनी ते नाकारले आणि वर्ध्यापासून काही मैलांवरचं पवनार निवडलं. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. गांधीजींची अट एकच होती: कामाचा विचारही मनात आणायचा नाही.

७ मार्च १९३८ रोजी विनोबा पवनारला पोहोचले. आल्यावर त्यांनी विश्रांती घेतली, वेळेवर खाल्लं आणि शेतात रोज थोडं थोडं वाढवत खणायला सुरुवात केली. साधारण दहा महिन्यांत वजन ८८ वरून १२८ पौंडांवर गेलं. याच खोदकामात राम-भरत भेटीची प्राचीन मूर्ती सापडली, जी आजही पवनारच्या आश्रमात आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विनोबांनी औषध नाकारलं, पण उपचार नाकारला नव्हता. दुखण्याचं मूळ अतिश्रम आणि कमी खाणं यात होतं, आणि इलाज त्यावरच झाला.

पोटात अल्सर, पायाखाली देश

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विनोबा पवनारहून पुन्हा चालत निघाले आणि परतले ते १९६४ च्या एप्रिलमध्ये. या वर्षांत ते ७० हजार किलोमीटरच्या आसपास चालले, असं सांगितलं जातं. भूदानात मिळालेल्या जमिनीची नोंद ४० लाख एकरांहून अधिक होती, अर्थात त्यातली सगळी भूमिहीनांपर्यंत पोहोचली नाही.

ही सगळी पायपीट ड्युओडेनल अल्सर सांभाळत चालली होती. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात होणारी ही जखम. पोट रिकामं राहिलं की दुखतं, जास्त खाल्लं तरी त्रास होतो. त्यावर विनोबांनी दिवसाची घडी बसवली. पहाटे तीनच्या सुमारास उठायचं, उजाडण्याआधीच कंदिलाच्या उजेडात चालायला लागायचं, ऊन चढायच्या आत मुक्कामाला पोहोचायचं, रात्री लवकर झोपायचं. खाणं एकदम भरपेट नाही, तर दूध, दही, गूळ किंवा मध थोडं थोडं करून दिवसभरात.

दूध हा तेव्हा अल्सरवरचा डॉक्टरांनी मान्य केलेला आहार होता. आज चित्र बदललं आहे. दुधाने थोडा वेळ बरं वाटतं, पण नंतर आम्लाचं प्रमाण वाढू शकतं. बऱ्याच अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू असतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ऑस्ट्रेलियात हा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला तो १९८२ मध्ये. विनोबा गेले तेही याच वर्षी. या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. आज अशा अल्सरवर अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांचा ठरावीक दिवसांचा कोर्स असतो. विनोबांच्या हाती तो नव्हता. त्यांच्या हाती होती ती फक्त दिनचर्या.

चांडिलला काय झालं?

पवनारला जे जमलं, ते चांडिलला जमण्यासारखं नव्हतं. अशक्तपणा विश्रांतीने आणि खाण्याने भरून निघतो. गंभीर मलेरियात मात्र परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडत राहतात, ताप वाढतो आणि वेळेत औषध मिळालं नाही तर जीव जाऊ शकतो. त्यात आधीच पोटाचं दुखणं असेल, तर खाणं बंद होतं आणि शरीर आणखी खचतं.

विनोबांचा भर निसर्गोपचारावर होता. गांधीजींचाही तोच कल. धाकटे बंधू बाळकोबा क्षयातून उठले होते आणि पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात काम करत होते. घरातच असा अनुभव असल्यावर औषधाला नकार देणं सोपं वाटलं असेल. पण इथे प्रकृती ढासळत गेली. सहकाऱ्यांनी आणि नेत्यांनी विनवण्या केल्या. शेवटी विनोबांनी औषध घेतलं आणि ताप उतरला.

पुढचे काही आठवडे त्यांनी चांडिललाच विश्रांती घेतली. मार्च १९५३ मध्ये सर्वोदय संमेलनही तिथेच भरलं. मग पदयात्रा पुन्हा सुरू झाली. बिहारमधूनच २० लाख एकरांहून जास्त जमीन दान म्हणून नोंदली गेली. म्हणजे चांडिलच्या त्या औषधानंतर विनोबा अकरा वर्षं चालले.

आग्रह सोडला म्हणून विनोबांचा मोठेपणा कमी झाला नाही. उलट, आपली पद्धत कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे मान्य करण्याची ही घटना होती.

शेवटचा निर्णय

१९७० नंतर विनोबा पवनारच्याच परिसरात राहिले. ५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७ वर्षं. डॉक्टरांनी उपचार केले आणि प्रकृतीला थोडा उतारही पडला. पण ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं. पंतप्रधान इंदिरा गांधी भेटायला आल्या, तरी निर्णय बदलला नाही. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, विनोबा गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

महाराष्ट्रात याआधी १९६६ मध्ये विनायक दामोदर सावरकरांनीही अन्न आणि औषध थांबवून देह ठेवला होता. जैन परंपरेत संथारा आहे. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा बेकायदा ठरवला, पण त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मुंबईच्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार थांबवण्याचा मार्ग अटींसह मोकळा केला. आता माणूस शुद्धीत असताना तशी इच्छा लिहूनही ठेवू शकतो.

चांडिल आणि पवनार, दोन्हीकडे प्रश्न एकच होता: औषध घ्यायचं की नाही? उत्तरं मात्र वेगळी होती. ५७ व्या वर्षी आजार बरा होण्यासारखा होता आणि काम बाकी होतं. ८७ व्या वर्षी तसं नव्हतं.

आज घरोघरी बीपी, शुगर, थायरॉइड, पित्त अशी दोन-तीन दुखणी आणि त्यांच्या गोळ्यांचा डबा असतो. एखादी गोळी परस्पर बंद करताना अनेकदा कुणा मोठ्या माणसाचा दाखला दिला जातो. विनोबांचा दाखला द्यायचा असेल, तर तो पूर्ण द्यायला हवा. त्यांनी खाणं, झोप, चालणं काटेकोर पाळलं. जिथे तेवढ्याने भागलं, तिथे औषध घेतलं नाही. आणि जिथे भागलं नाही, तिथे घेतलं.