विमानाला घाबरलेला सेनापती

गेल्या सेमिस्टरला आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचं विमान पळून गेलं. पळून गेलं म्हणजे अक्षरशः पळून गेलं. थर्माकोलचं, साडेचार फूट पंखांचं, वर जीपीएस आणि ऑटोपायलटचा बोर्ड बसवलेलं. गोल चकरा मारायच्या असं त्याला सांगितलं होतं. त्यानं दोन चकरा मारल्या आणि तिसरीला सरळ पूर्वेला तोंड करून निघालं. आम्ही चौघं दोन गाड्यांवर मागे. दीड तासानं सापडलं ते उसाच्या फडात, नाक मोडलेलं. शेताचे मालक, एक वयस्कर काका, हातात काठी घेऊन उभे होते आणि त्यांना पहिली काळजी ही की आतला माणूस कुठे पडला. आत कुणी नव्हतंच हे पटवायला आम्हाला बराच वेळ लागला.

त्या रात्री होस्टेलवर रिपोर्टचं ‘इतिहास’ हे चॅप्टर लिहायला बसलो (ते सगळे शेवटीच लिहितात, खोटं कशाला बोलू). मानवरहित विमान म्हणजे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली गोष्ट असं मी धरून चाललो होतो. वाचता वाचता कळलं की १९१८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हेच नाटक घडलं होतं. विमान पळालं, माणसं मोटारी घेऊन मागे धावली आणि विमान पडलं तिथले शेतकरी पायलटला शोधत बसले. तेव्हा सोबतच्या एका अधिकाऱ्याला पुढे करून हाच पायलट, पॅराशूटनं उतरला, अशी थाप मारली गेली असं सांगतात. ही हकीकत आपल्या आठवणींत नोंदवणाऱ्या माणसाचं नाव हेन्री हार्ले आर्नोल्ड. सगळे त्याला हॅप म्हणायचे. चॅप्टर राहिलं बाजूला, मी या माणसातच अडकलो.

आर्नोल्डचा जन्म २५ जून १८८६ चा, पेनसिल्व्हेनियातला. वडील डॉक्टर आणि घरात शिस्त कडक. पोरगा वेस्ट पॉइंटला गेला, १९०७ साली पास झाला, पण नंबर काही खास नाही, १११ जणांत ६६ वा. त्याला घोडदळ हवं होतं, मिळालं पायदळ. फिलिपिन्सच्या जंगलात नकाशे काढायचं काम केलं. पायदळ काही केल्या आवडेना, त्यातून सुटायचं म्हणून त्यानं विमानविद्येसाठी नाव दिलं. म्हणजे फार मोठं स्वप्न वगैरे काही नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून मेकॅनिकल घेतात, तसलाच प्रकार.

१९११ मध्ये त्याला डेटनला धाडलं, थेट राइट बंधूंच्या शाळेत. शिकवायला अल वेल्श नावाचा शिक्षक. एकूण २८ उड्डाणं, सगळी मिळून ३ तास ४८ मिनिटं, की झाला पायलट! आपल्या एका प्रॅक्टिकलला याहून जास्त वेळ लागतो. मग कॉलेज पार्क इथं तो स्वतः इतरांना शिकवायला लागला. एकदा उतरताना डोळ्यात किडा गेला आणि विमान कसंबसं टेकवलं. तेव्हापासून गॉगल घालायची पद्धत पडली म्हणे. १९१२ साली उंचीचा विक्रम केला, ६५४० फूट. त्याच वर्षी पहिली मॅके ट्रॉफी त्याला मिळाली.

इथपर्यंत सगळं कुठल्याही शूर वैमानिकाच्या चरित्रासारखं आहे. खरी गोष्ट पुढे आहे.

तेव्हाची राइट ‘सी’ जातीची विमानं पुशर होती, म्हणजे पंखा मागे आणि इंजिन पायलटच्या पाठीशी. नाक खाली गेलं की वर यायला तयार नसत, आणि जमिनीवर आदळलं की इंजिन सरळ अंगावर. जून १९१२ मध्ये अल वेल्श अशाच विमानात मेला. सप्टेंबरमध्ये आर्नोल्डचा दोस्त लेफ्टनंट रॉकवेल मेला. आणि ५ नोव्हेंबरला कॅन्ससमधल्या फोर्ट रायली इथं तोफखान्याच्या सरावावर घिरट्या घालताना आर्नोल्डचं विमान गरगरलं आणि नाक खाली करून सुटलं. जमीन अगदी जवळ आली तेव्हा कुठे ते सावरलं. उतरला तो थरथरतच. उंची नोंदवणाऱ्या यंत्राच्या कागदावर १० सेकंदांत ३०० फूट अशी उभी रेघ उमटली होती. ती त्यानं पाहिली आणि वरिष्ठांना चक्क लेखी कळवलं की आपल्या मनाची अवस्था विमानात बसण्यासारखी राहिलेली नाही.

जरा विचार करा, लष्करातला अधिकारी, नुकतीच ट्रॉफी मिळालेली, आणि मला भीती वाटते असं कागदावर लिहून देतो. मला तर व्हायवाला उत्तर येत नाही हेसुद्धा कबूल करवत नाही. चार वर्षं तो विमानाला शिवला नाही. टेबलावर काम केलं, लग्न केलं, पुन्हा पायदळात गेला, पुन्हा फिलिपिन्सला. (तिथंच जॉर्ज मार्शलशी ओळख झाली, ती पुढे फार उपयोगी पडली.) १९१६ मध्ये सॅन डिएगोच्या लष्करी विमानशाळेत सामानसुमानाचा अधिकारी म्हणून त्याची बदली झाली आणि तिथं त्यानं रोज थोडं थोडं वर जायला सुरुवात केली. भीती गेली की नाही देव जाणे, पण वर्ष संपायच्या आत तो एकटा उडत होता. त्या विमानतळाला पुढे त्याच्या मेलेल्या दोस्ताचं, रॉकवेलचं नाव दिलं गेलं, आणि १९२२ पासून काही काळ आर्नोल्डच तिथला प्रमुख होता.

आता या माणसाच्या हातात १९१८ साली काय आलं? चार्ल्स केटरिंगचं ‘बग’. केटरिंग म्हणजे मोटारीचा सेल्फ स्टार्टर काढणारा. साडेबारा फूट लांब, जेमतेम १५ फूट पंखांचं दुपंखी विमान, पुठ्ठा आणि लाकूड वापरून केलेलं, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन, १८० पौंड स्फोटकं, किंमत साधारण ४०० डॉलर. सल्लागार साक्षात ऑर्व्हिल राइट, जायरोस्कोप एल्मर स्पेरीचा. रुळांवरच्या चारचाकी गाडीवरून सुटायचं. दिशा जायरो सांभाळणार, उंची बॅरोमीटर, आणि सुकाणू हलवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोतले हवेचे भाते! अंतर कसं मोजायचं? वारा बघून आधीच हिशेब करायचा की लक्ष्यापर्यंत इंजिनाचे किती फेरे होतील. तेवढे फेरे झाले की एक कॅम खाली पडे, इंजिन बंद, पंखांचे बोल्ट सुटत आणि धड बाँबसकट खाली. पल्ला ७५ मैल. रेडिओ नाही, सेन्सर म्हणण्यासारखं काही नाही. आमच्या बोर्डवर सहा सेन्सर होते आणि तरी ते उसात गेलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

माझा अंदाज असा (गाईड सरांना हा पुरावा वाटत नाही) की आर्नोल्डला बग आवडलं त्याचं कारण त्यात कुणी बसणार नव्हतं. वेल्श आणि रॉकवेलला पाहिलेल्या माणसाला रिकाम्या सीटची किंमत कळत असणार. ऑक्टोबर १९१८ मध्ये बगची माहिती द्यायला तो जनरल पर्शिंगकडे युरोपला निघाला, तर बोटीवरच फ्ल्यूनं गाठलं. इंग्लंडात दवाखान्यात पडून राहिला. फ्रान्सला पोचला तेव्हा युद्ध संपत होतं. ५० सुद्धा बग तयार झाली नव्हती, एकही लढाईत गेलं नाही.

मधली वर्षं भरभर सांगतो. १९२५ मध्ये बिली मिचेलवर कोर्ट मार्शल झालं, कारण तो स्वतंत्र हवाई दलासाठी वरिष्ठांवर उघड तुटून पडला होता. आर्नोल्ड त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला उभा राहिला आणि शिक्षा म्हणून त्याची बदली कुठे झाली तर फोर्ट रायलीला. होय, तेच. तिथं बसून त्यानं मुलांसाठी विमानाच्या साहसकथा लिहिल्या. १९३४ मध्ये दहा बाँबर विमानं घेऊन तो वॉशिंग्टनहून अलास्काला गेला आणि दुसरी मॅके ट्रॉफी मिळवली. सप्टेंबर १९३८ मध्ये हवाई दलाचा प्रमुख वेस्टओव्हर विमान अपघातात गेला आणि ती खुर्ची आर्नोल्डकडे आली.

तेव्हा दलात वीस-बावीस हजार माणसं होती. १९४४ मध्ये चोवीस लाखांच्या आसपास! एवढं वाढवताना तो स्वतः पिचला आणि दुसऱ्यांनाही पिचलं. रागीट इतका की एक अधिकारी त्याच्या टेबलासमोरच कोसळून मेला. स्वतः आर्नोल्डला १९४३ ते १९४५ मध्ये हृदयविकाराचे चार झटके आले. बी-२९ हे राक्षसी बाँबर त्यानं अक्षरशः रेटून पुढे आणलं, इंजिनं पेट घेत होती तरीसुद्धा. या बी-२९ चा पहिला तळ आपल्याकडे, बंगालात खरगपूरला होता. ५ जून १९४४ चा पहिला हल्ला तिथल्या तळांवरूनच बँकॉकवर झाला. हिजलीच्या ज्या तुरुंगाच्या इमारतीत त्यांचं मुख्यालय होतं, तिथंच १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. जेईईला हे कुणी विचारत नाही.

आणि बग? ते त्याच्या डोक्यातून गेलं नव्हतं. १९४४ मध्ये त्याच्या माणसांनी जुनाट बी-१७ विमानं स्फोटकांनी भरून रेडिओवर चालवायचा घाट घातला, नाव ‘ॲफ्रोडाइट’. गंमत बघा, रेडिओवरून टेकऑफ जमत नव्हता, म्हणून दोन माणसं बसवावी लागत आणि मग त्यांनी उडी मारायची. म्हणजे माणसं वाचवायच्या विमानात आधी माणसं हवीत. नौदलाच्या अशाच विमानात १२ ऑगस्टला केनेडींचा थोरला मुलगा जोसेफ सोबत्यासह हवेतच उडाला. मोहीम जवळजवळ पूर्ण फसली. मग जर्मन व्ही-१ चे तुकडे जुळवून तिची नक्कल केली, जेबी-२. आर्नोल्डला ७५ हजार हव्या होत्या, झाल्या चौदाशेच्या आसपास, आणि लढाईत डागली एकही नाही.

पण त्याचं सगळं फसलं असं लिहून मोकळं होता येत नाही. जानेवारी १९४५ मध्ये जपानवरच्या हल्ल्यांचा सेनापती बदलला गेला आणि लेमे आला. ९ मार्चच्या रात्री बी-२९ नी टोकियोवर आगीचे बाँब टाकले. सुमारे एक लाख माणसं मेली. आर्नोल्ड तेव्हा चौथ्या झटक्यातून बरा होत होता; त्यानं अभिनंदनाची तार केली. रिपोर्टमध्ये मी हे वाक्य दोनदा खोडलं, विषयाशी संबंध नाही म्हणून. मग तिसऱ्यांदा लिहिलं. वरून पडणाऱ्या माणसाची भीती ज्याला एवढी ठाऊक होती त्याला खालच्या माणसाची दिसली नाही, आणि आता ड्रोनच्या युद्धात तर वर कुणीच नसतं. मग खालच्याचं काय, हे मला अजून सुटलेलं नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या ला ग्वार्डिया विमानतळावर मोटारीत बसून, ड्रायव्हरला बाहेर काढून, त्यानं थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञाला एक काम दिलं. फॉन कार्मान म्हणजे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये व्होर्टेक्स स्ट्रीटला ज्याचं नाव आहे तोच. काम असं की चालू युद्ध विसरायचं आणि पुढच्या वीस-तीस वर्षांचं सांगायचं, जेट, क्षेपणास्त्रं, विनापायलट विमानं, सगळं. डिसेंबर १९४५ मध्ये अहवाल आला. त्याच वर्षी शिल्लक एक कोटी डॉलर वळवून त्यानं डग्लस कंपनीत रँड प्रकल्प सुरू केला. (डग्लसची मुलगी आर्नोल्डची सून होती, हेही जाता जाता.) १९४६ मध्ये रँडचा पहिला अहवाल निघाला तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानावर, स्पुटनिकच्या अकरा वर्षं आधी.

१९४६ मध्ये तो निवृत्त होऊन कॅलिफोर्नियात सोनोमाला शेतावर राहायला गेला. स्वतंत्र हवाई दल १९४७ मध्ये झालं. १९४९ मध्ये त्याला जनरल ऑफ द एअर फोर्स केलं, त्या पदावर त्याच्याशिवाय कुणीच बसलेलं नाही. १५ जानेवारी १९५० ला हृदयानं अखेरचा दगा दिला.

बगची प्रतिकृती डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. आमचं विमान लॅबच्या कपाटावर, नाक फेविकॉलनं चिकटवलेलं. ते काका फोन करतात अधूनमधून, पुन्हा कधी उडवणार म्हणून. आता त्यांना कळलंय आत कुणी नसतं, पण उडवायच्या आधी सांगा म्हणाले, शेतात माणसं असतात.