सर टायटस सॉल्ट

ज्याच्या हातीं हजारों माणसांची भाकरी असते, त्यानें आपला धर्म कसा पाळावा, हा प्रश्न फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें वाफेच्या गिरण्या वाढल्या, तेव्हां तो नव्यानें उभा राहिला. यॉर्कशायर परगण्यांतील एका गृहस्थांनीं त्यास शब्दांनीं उत्तर न देतां दगडाचें एक गांव बांधून उत्तर दिलें. ते गृहस्थ म्हणजे सर टायटस सॉल्ट. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही विचार करावा असें त्यांच्या चरित्रांत पुष्कळ आहे.

टायटस यांचा जन्म ता. २० सप्टेंबर १८०३ रोजीं लीड्स शहराजवळील मॉर्ली या गांवीं झाला. त्यांचे वडील डॅनियल सॉल्ट यांनीं कांहीं काळ शेती केली व पुढें ब्रॅडफर्ड येथें लोंकरीचा व्यापार आरंभिला. हें घराणें काँग्रिगेशनल पंथाचें होतें. हा पंथ राजमान्य चर्चच्या बाहेरचा. इ. स. १६६२ च्या कायद्यानें सर्वांस एकच उपासनापद्धति लावण्याचें सरकारनें ठरविलें, तेव्हां ज्यांनीं ती मानली नाहीं त्यांस 'नॉनकन्फर्मिस्ट' असें नांव पडलें. प्रत्येक मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा व आपला पाळक आपण निवडावा, हें काँग्रिगेशनल मंडळ्यांचें मुख्य तत्त्व. इ. स. १८१३ सालीं मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी याच पंथांतले असल्यामुळें अहमदनगरकडील पुष्कळ मंडळ्यांस ही रीत परिचयाची होती.

या स्वातंत्र्याची किंमत त्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या द्यावी लागली. नगरपालिकेच्या अधिकारपदांवरील त्यांची कायदेशीर बंदी १८२८ सालीं उठली, त्या वेळीं टायटस चोवीस वर्षांचे होते. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील धार्मिक अटी तर १८७१ पर्यंत पुरत्या दूर झाल्या नाहींत. सरकारी मानाचा मार्ग असा अडलेला असल्यामुळें या समाजांतील पुष्कळ कर्तबगार तरुण व्यापाराकडे व कारखान्यांकडे वळले.

वडिलांच्या पेढीवर काम करीत असतां टायटस यांनीं रशियांतील डॉन नदीकडची खरबरीत लोंकर विकत घेतली. ती कातण्यास ब्रॅडफर्डचे गिरणीवाले तयार होईनात. तेव्हां टायटस यांनीं स्वतःच यंत्रें लावून तिचें सूत काढून दाखविलें. पुढें १८३६ च्या सुमारास लिव्हरपूल बंदरांत पेरू देशांतील अल्पाका नांवाच्या जनावराच्या लोंकरीचे गठ्ठे गिऱ्हाइकावांचून पडलेले त्यांच्या दृष्टीस पडले. ही लोंकर लांब व चकचकीत, परंतु त्या काळच्या यंत्रांवर चालवावयास कठीण. टायटस यांनीं चिकाटीनें प्रयोग केले आणि अखेरीस सुताच्या ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून रेशमासारखें झळकणारें कापड तयार केलें. या कापडानें त्यांस अलोट संपत्ति मिळवून दिली.

पण ज्या शहरानें त्यांस श्रीमंत केलें, त्याची दशा भयंकर होती. १८०१ सालीं ब्रॅडफर्डची लोकसंख्या सुमारें १३ हजार होती, ती १८५१ पर्यंत १ लाखावर गेली. धुराड्यांच्या काळ्या धुरानें आकाश झांकून जाई, गटारांची घाण ओढ्यांत व कालव्यांत मिसळे, आणि एकेका कोंदट खोलींत कुटुंबेंच्या कुटुंबें राहत. १८४८ सालीं टायटस त्या शहराचे मेयर झाले. दुसऱ्याच वर्षीं पटकीची सांथ येऊन शेंकडों माणसें दगावलीं. धूर कमी करणारी भट्टी त्यांनीं आपल्या गिरण्यांत बसविली व इतरांनींही ती बसवावी म्हणून खटपट केली. पण बहुतेक मालकांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. तेव्हां आपलें सर्व काम शहराबाहेर नेण्याचा त्यांनीं निश्चय केला.

शिप्लीजवळ एअर नदीच्या कांठीं, कालवा व आगगाडी दोन्ही सोयीचीं असलेली जागा त्यांनीं निवडली. आपलें आडनांव व नदीचें नांव जोडून गांवाचें नांव सॉल्टेअर ठेविलें. लॉकवुड व मॉसन या शिल्पज्ञांनीं आराखडे केले. ता. २० सप्टेंबर १८५३ रोजीं, म्हणजे मालकांच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, ५४५ फूट लांबीची सहा मजली गिरणी सुरू झाली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांत ८०० हून अधिक दगडी घरें, स्नानगृहें, दवाखाना, शाळा, वृद्धांसाठीं ४५ निवासस्थानें, वाचनालयासह एक भव्य संस्था व बाग अशी रचना पुरी झाली. घरोघर पाणी व गॅसचा दिवा होता. रस्त्यांस टायटस यांची पत्नी कॅरोलाइन व त्यांचीं मुलें यांचीं नांवें दिलीं. दारूचा गुत्ता मात्र गांवांत नव्हता.

या सर्वांत मोक्याची जागा प्रार्थनामंदिरास मिळाली. गिरणीच्या दारासमोरच ता. २७ सप्टेंबर १८५८ रोजीं कॅरोलाइनबाईंच्या हस्तें त्याचा पाया घातला गेला, आणि ता. १३ एप्रिल १८५९ रोजीं तें उघडलें. त्यासाठीं लागलेले सुमारें १६ हजार पौंड टायटस यांनीं दिले. अर्धवर्तुळाकार देवडी, कॉरिंथियन खांब व घुमटाचा मनोरा यांमुळें तें एखाद्या इटालियन मंदिरासारखें दिसतें. पूर्वी नॉनकन्फर्मिस्ट लोकांचीं मंदिरें साधीं, गल्लीबोळांतून दडल्यासारखीं असत. येथें तोच समाज राजमार्गावर ताठ मानेनें उभा राहिला. मालकांनीं आपलाच पंथ लोकांवर लादला नाहीं; वेस्लियन मंडळीसही त्यांनीं आपल्या गांवांत मंदिरासाठीं जागा दिली.

तथापि या चित्रास दुसरी बाजू आहे, व ती लपविणें योग्य नव्हे. घर, रस्ता, शाळा, बाग सारें एकाच धन्याचें. काम सुटलें कीं डोक्यावरचें छप्परही धोक्यांत येई. त्या काळच्या कायद्यानुसार लहान मुलें अर्धा दिवस शाळेंत व अर्धा दिवस गिरणींत घालवीत, आणि सॉल्टेअर त्यास अपवाद नव्हतें. मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा हें ज्या पंथाचें तत्त्व, त्याच पंथाच्या एका थोर मनुष्यानें असें गांव वसविलें कीं जेथें कारभार रहिवाशांच्या हातीं नव्हता. दया मोठी खरी. पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. दयेनें मजुरास निरोगी घर मिळालें. त्या घरावर हक्क मिळाला नाहीं. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

टायटस स्वभावानें अबोल होते. १८५९ ते १८६१ ते पार्लमेंटचे सभासद होते, परंतु सभागृह गाजविणें त्यांच्या प्रकृतीस मानवलें नाहीं. १८६९ सालीं त्यांस बॅरोनेट ही पदवी मिळाली. आपल्या हयातींत त्यांनीं धर्मादायासाठीं अडीच लाख पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली असें मानतात. ता. २९ डिसेंबर १८७६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. अंत्ययात्रेच्या वाटेवर सुमारें १ लाख लोक जमले होते असें सांगतात. त्यांचा देह त्यांच्याच मंदिरास लागून असलेल्या समाधिगृहांत ठेवण्यांत आला.

पुढें वीस वर्षांच्या आंतच गिरणी त्यांच्या कुटुंबाच्या हातून गेली. १९३३ सालीं घरें एका कंपनीस विकलीं गेलीं व कालांतरानें पुष्कळ घरें रहिवाशांच्या मालकीचीं झालीं. १९८६ सालीं गिरणी थंडावली, आणि तिच्या इमारतींत पुढें चित्रशाळा व दुकानें आलीं. २००१ सालीं युनेस्कोनें सॉल्टेअरची जागतिक वारशांत गणना केली. १९७२ सालीं इंग्लंडांतील बहुतेक काँग्रिगेशनल मंडळ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांशीं एक झाल्या, तेव्हांपासून सॉल्टेअरची मंडळी युनायटेड रिफॉर्म्ड चर्चची झाली.

मुलांनो, तुमच्यापैकीं कांहींजण उद्यां मालक व्हाल, कांहीं कामगार, कांहीं अधिकारी. सॉल्ट यांनीं आपल्या मजुरांस माणसासारखें राहावयास दिलें, हें त्यांच्या काळीं फार थोड्यांनीं केलें. त्यांच्या हातून जें राहिलें, तें म्हणजे मजुरास देण्याबरोबरच त्याचें मत विचारणें. पूर्वजांचें ऋण फेडावयाचें तर त्यांचें चांगलें उचलावें आणि अपुरें पुरें करावें.