शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक



आपल्या अंगणवाडीत मुलांचं वजन घेतात, पोषण आहार देतात. पण 'अंगणवाडी' हा शब्द आला कुठून, माहीत आहे?

त्यामागे आहेत ताराबाई मोडक. जन्म १८९२, मुंबई. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ. बालवाडी काढली, पण गरीब वस्तीतली मुलं काही येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, मग गाणी-गोष्टी.

१९५७ मध्ये काम कोसबाडला, आदिवासी मुलांत गेलं. तिथे मोठ्या मुली धाकटी भावंडं सांभाळायला घरीच राहायच्या. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. दोनच वर्षांनी देशात एकात्मिक बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी.

उद्या एखादं मूल मळक्या हातांनी, उपाशीपोटी वर्गात आलं, तर लगेच पाटी काढायला सांगू नका. आधी हात धुवा, दोन घास द्या. शिकणं तिथूनच सुरू होतं.